बुंदीसाठी अर्ज करा, पण अध्यक्ष म्हणून नव्हे

प्रश्न : मी पुण्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी वर्गप्रतिनिधींनी मला विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडले. बारावीत असताना मला पॅनिक अटॅक येऊ लागले. मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार आणि समुपदेशन चालू आहे, गोळ्या आता कमी झाल्या आहेत. पण मला खरे सावरले ते बुंदीने. बुंदी आमची देशी कुत्री, सहा वर्षांची, नदीपात्रालगत पिल्लू असताना सापडलेली. मला धाप लागण्याआधीच तिला कळते. ती येऊन मांडीवर डोके ठेवते आणि हळूहळू माझा श्वास जागेवर येतो. गेली दोन वर्षे ती माझ्यासोबत कॉलेजात येत होती आणि कोणी हरकत घेतली नव्हती. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कुत्र्यांविषयीचा आदेश आला आणि आमच्याकडे लगेच सूचना लागली, की आवारात एकही कुत्रा दिसता कामा नये. मी मंडळाच्या लेटरहेडवर प्राचार्यांना पत्र दिले. ते ‘नंतर बघू’ म्हणाले. मैत्रिणींनी बुंदीच्या नावाने इन्स्टाग्रामवर पान काढले, सह्या जमवल्या आणि आता प्रवेशद्वारावर ठिय्या धरू म्हणत आहेत. त्यातच दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मंडळाकडे लेखी तक्रार दिली आहे, की लहानपणी कुत्रा चावल्यापासून तिला कुत्र्यांची भीती वाटते, बुंदी बसते त्या जिन्याने ती जात नाही, आणि अध्यक्षांना एक नियम व इतरांना दुसरा असे का. एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीत ढोल-ताशा चालू असताना एका मुलाने कुरवाळायला हात पुढे केला, तेव्हा बुंदी त्याच्यावर गुरगुरली. ती असे कधीच करत नाही. मी ठिय्या धरू का? की राजीनामा देऊ? आणि तिच्याशिवाय हे पद मला झेपेल का?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : ठिय्या धरू नका आणि राजीनामाही देऊ नका. मंडळाच्या लेटरहेडवर दिलेले पत्र मात्र या आठवड्यातच लेखी मागे घ्या आणि त्यानंतर स्वतःच्या नावाने, वर्ग आणि हजेरी क्रमांक घालून, एक साधा अर्ज प्राचार्यांकडे द्या. बुंदीविषयीची तुमची माया वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे अर्ज आणि हजेरी क्रमांक अशी उत्तराची सुरुवात तुम्हाला कोरडी वाटेल. तरीही आधी हेच सांगायला हवे, कारण सध्या तुमची गरज, तुमचे पद आणि तुमची कुत्री या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत आणि तिघींचेही त्यात नुकसान होत आहे.

तुम्हाला बुंदीची सोबत लागते ती उपचार घेणारी एक विद्यार्थिनी म्हणून. अध्यक्षपदाशी त्या गरजेचा संबंध नाही. पुढच्या वर्षी तुम्ही अध्यक्ष नसाल तेव्हाही ती राहील, आणि आज तुमच्याच महाविद्यालयात अशीच गरज असलेली, पण हाताशी लेटरहेड नसलेली एखादी मुलगी असू शकेल. तिला जो मार्ग मोकळा आहे त्याच मार्गाने तुम्ही गेलात, तर मिळालेली सोय उद्या तिलाही मागता येईल. पदाच्या जोरावर मिळवलेली सोय मात्र तुमच्या पदाबरोबरच संपेल आणि जोवर टिकेल तोवर तिच्यावर बोटे दाखवली जातील. महाराष्ट्रात 1990 च्या दशकात महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या, 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी आजही बहुतेक विद्यार्थ्यांनी आपला प्रतिनिधी स्वतः मत देऊन निवडण्याचा अनुभव घेतलेला नाही. अशा काळात वर्गप्रतिनिधींनी तुमच्यावर टाकलेला विश्वास मला फार मोलाचा वाटतो. तो वसतिगृहाच्या पाण्यासाठी, परीक्षा शुल्कासाठी, रात्री उशिरा घरी जाणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेसाठी खर्च करा. स्वतःच्या सोयीसाठी तो खर्च झाला असे कोणाला वाटले, तर पुढच्या खऱ्या मागणीच्या वेळी तुमच्या पत्राचे वजन कमी भरेल.

राजीनामा देऊ नका असे मी म्हणते त्याचे कारणही याच्याशीच जोडलेले आहे. मानसिक आजारावर उपचार घेणारी मुलगी अध्यक्षपद सांभाळू शकत नाही, असा अर्थ त्यातून काढला जाईल आणि तो साफ चुकीचा आहे. मंडळाच्या बैठकीत बुंदीचा किंवा आवारातील प्राण्यांचा विषय आला, की ‘या विषयात माझा व्यक्तिगत संबंध आहे’ असे इतिवृत्तात नोंदवून घ्या, उपाध्यक्षांना खुर्चीवर बसवा आणि बाहेर जा. एवढे केलेत की पद सोडण्याचे कारण उरत नाही.

आता त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीविषयी. तिच्या तक्रारीतील शेवटचे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखे लागले असणार. ते बाजूला ठेवून त्याआधीचे वाक्य पुन्हा वाचा. ती रोज एक जिना टाळून चालते. कुत्रा चावलेल्या लहान मुलाच्या घरी ते दिवस कसे जातात याची कल्पना करून पाहा : जखम साबणाने पंधरा मिनिटे धुणे, ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा रुग्णालयात जाऊन इंजेक्शने घेणे, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही हे मोठ्यांच्या बोलण्यातून त्या मुलाच्या कानावर पडणे. अशी भीती वयाबरोबर आपोआप जात नाही. तुम्हाला गर्दीत जसा श्वास अपुरा पडतो, तसाच तिला त्या जिन्यावर पडत असेल. तुमची घबराट औषधाला पात्र आणि तिची घबराट म्हणजे कुरकुर, असा भेद तुम्ही स्वतः तरी करणार नाही, अशी मला खात्री वाटते. शिवाय तुम्ही तिच्याही अध्यक्ष आहात.

तिची तक्रार तुम्ही स्वतः हाताळू नका. उपाध्यक्षांकडे सोपवा आणि तिला तसे लेखी कळवा. त्यानंतर, तिची तयारी असेल तरच, तिला एकट्या भेटा आणि ‘तुला कोणती जागा, कोणती वेळ मोकळी हवी?’ एवढे विचारा. बुंदी किती गुणी आहे हे तिला पटवू नका, बुंदीची ओळख करून देण्याचा प्रयत्न करू नका, आणि तुमच्या मैत्रिणींपैकी कोणी तिच्याविषयी त्या इन्स्टाग्राम पानावर एक शब्दही लिहिला असेल तर तो आजच काढायला लावा. ते पान बंदच झालेले बरे. त्यावर तुमच्या आजाराची चर्चा होत असेल, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयी गुप्ततेचा जो हक्क तुम्हाला दिला आहे, तो तुमच्याच हितचिंतकांच्या उत्साहात वाहून जायला नको.

कायद्याची बाजूही स्पष्ट असू द्या, कारण ठिय्याची भाषा बोलणाऱ्या मैत्रिणींना ती जेवढी आपल्या बाजूने वाटते, तेवढी ती नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 7 नोव्हेंबर 2025 चा आदेश भटक्या कुत्र्यांविषयी आहे. शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील भटके कुत्रे हलवावेत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करावे आणि त्यांना पुन्हा त्याच जागी सोडू नये, असे त्यात सांगितले आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे एरवी कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडला जातो. त्या पद्धतीपेक्षा हे बरेच कडक आहे आणि संस्थांवर याची जबाबदारी टाकलेली असल्याने प्राचार्य धास्तावले असतील तर त्यात नवल नाही. तुमची बुंदी भटकी नाही, ती घरची आहे, त्यामुळे हा आदेश तिला लागू होत नाही. मात्र ती घरची आहे हे कागदावर दिसले पाहिजे. पुण्यात पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो. तुमच्या पत्रात परवान्याचा उल्लेख नाही. तो काढला नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी तो काढा. गळ्यात पट्टा आणि त्यावर दूरध्वनी क्रमांक असलेला बिल्ला नसलेली देशी कुत्री सुरक्षारक्षकाला भटकीच दिसणार, हे लक्षात असू द्या.

आदेश लागू नाही याचा अर्थ प्रवेशाचा हक्क आहे, असा मात्र होत नाही. पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना मैत्रिणी कदाचित पुढे करतील. त्या गृहनिर्माण सोसायट्यांनी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू नये, लिफ्ट वापरू द्यावी, अशा स्वरूपाच्या आहेत आणि महाविद्यालयाच्या वर्गखोल्यांसाठी त्यांचा आधार घेता येणार नाही. दृष्टिहीनांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचे पद्धतशीर प्रशिक्षण पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीत सुरू झाले; आज एखादे ठरावीक काम शिकवलेला सेवा-कुत्रा आणि नुसत्या सोबतीने धीर देणारा कुत्रा यांत अनेक देशांत फरक केला जातो. अमेरिकेच्या कायद्यातही सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क पहिल्यालाच आहे, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे आधार देणाऱ्या कुत्र्यांची कोणतीही सरकारी नोंदणी नाही. त्यामुळे पैसे भरून इंटरनेटवर मिळणारे ‘सपोर्ट डॉग’चे ओळखपत्र किंवा जाकीट कोणी सुचवले तर घेऊ नका, त्याला कायदेशीर किंमत नाही आणि ते उघडे पडले तर तुमच्या खऱ्या आजारावरही संशय घेतला जाईल.

तुमच्या हाती आहे ती ‘वाजवी सोय’ मागण्याची वाट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीतील 21 प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे आणि संस्थेवर अवाजवी बोजा न पडता करता येईल असा आवश्यक बदल ही कल्पना त्या कायद्यात आहे. पॅनिक अटॅक येणारी प्रत्येक व्यक्ती या कायद्याखाली येते असे मी म्हणणार नाही. आजाराने रोजच्या व्यवहारावर किती परिणाम होतो त्यावर ते ठरते आणि ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. पण कायद्याची कक्षा अनिश्चित असली तरी त्यातील विचार अर्जासाठी उपयोगी आहे : जेवढी सोय खरोखर लागते तेवढीच मागायची, आणि ती दिल्याने इतर कोणाची अडचण होणार नाही हे स्वतःच दाखवून द्यायचे.

किती सोय लागते, हे मात्र बुंदीला विचारल्याशिवाय ठरवू नका. तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे, की ती गुरगुरली आणि तुम्ही ते कोणाला सांगितले नाही. तुम्हाला वाटलेली भीती समजते. ही गोष्ट बाहेर गेली तर तिचा प्रवेश कायमचा बंद होईल. पण कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो चावण्यापूर्वीची सूचना देत असतो, आणि ही सूचना देणारा कुत्रा प्रामाणिक असतो. त्याबद्दल तिला रागावू नका. गुरगुरल्याबद्दल ओरडा खाल्लेले कुत्रे पुढच्या वेळी गुरगुरणे सोडते आणि सरळ दात लावते, असे प्रशिक्षक कळकळीने सांगतात. त्या संध्याकाळचे तिच्या बाजूने पाहा. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे, आणि आपल्याला लांबचे वाटणारे आवाज त्याला जवळचे असतात. बंद सभागृहात ढोल-ताशा, भोवती अनोळखी पायांची गर्दी, बाहेर पडायला वाट नाही, आणि ज्या व्यक्तीवर तिचे सगळे लक्ष असते ती, म्हणजे तुम्ही, स्वतःच तणावात. अशात एक हात वरून डोक्यावर आला.

तिने त्याआधीही बरेच काही सांगितले असणार. झोप आलेली नसताना जांभया देणे, समोर खायला नसताना ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, शेपटी पोटाशी घेणे, उकाडा नसताना धापा टाकणे ही सगळी कुत्र्याच्या अस्वस्थतेची लक्षणे आहेत. पुढचे काही दिवस घरी, रस्त्यावर, पाहुणे आल्यावर ती असे कधी करते ते वहीत लिहून ठेवा. एरवी शांत असलेले कुत्रे अचानक गुरगुरू लागले तर दुखणेही तपासावे लागते. कान, दात, सांधे आणि आपल्याकडे नेहमी आढळणारा गोचीड ताप यांसाठी पशुवैद्यांकडून तिची तपासणी करून घ्या. कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपेत किंवा विश्रांतीत घालवतो. पहिल्या तासापासून मंडळाची बैठक संपेपर्यंत जिन्याखाली बसणाऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडून कुरवाळून घेणाऱ्या आणि कदाचित कॅन्टीनमधील मुलांच्या हातून वडापावही खाणाऱ्या कुत्रीला ती विश्रांती कुठे मिळणार? वडापावाबद्दल जाता जाता सांगते, की कांदा, चॉकलेट आणि द्राक्षे कुत्र्यांना विषारी ठरतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यातील डांबर दुपारी तापते तेव्हा तिचे पंजेही भाजतात.

समजा त्या संध्याकाळी तिने खरेच दात लावले असते, तर त्या मुलाच्या जखमेखेरीज तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकला असता; पाळीव प्राण्याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे शिक्षेस पात्र अपराध आहे. त्याहून वाईट म्हणजे बुंदीवर ‘चावरी’ असा शिक्का बसला असता आणि तो पुसणे तुमच्या हाती राहिले नसते. म्हणून गुरगुरल्याची गोष्ट प्राचार्यांपासून लपवू नका. अर्जात एका वाक्यात ती सांगा आणि त्यावर तुम्ही काय केले, म्हणजे पशुवैद्यांची तपासणी आणि गर्दीच्या कार्यक्रमांना न नेण्याचा निर्णय, हेही सांगा. अशी प्रांजळ माहिती देणाऱ्या अर्जदारावर विश्वास ठेवणे प्राचार्यांना सोपे जाते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, जो मला सर्वांत कठीण वाटतो. बुंदीमुळे तुम्हाला बरे वाटते ही तुमची कल्पना नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील 249 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले. तुमची आणि बुंदीची जवळीक तर कितीतरी जुनी आहे. मात्र त्या अभ्यासातील दहा मिनिटे हा आकडा लक्षात ठेवा. दिवसभराची सोबत लागतेच असे नाही. ठरलेल्या वेळी, शांत जागी मिळालेला थोडा वेळही उपयोगी पडू शकतो, आणि तो बुंदीलाही झेपतो.

दुसरी बाजू तुमच्या समुपदेशकांशी मोकळेपणाने बोलून घ्या. घबराटीवर उपचार करणारे तज्ज्ञ सांगतात, की एखादी वस्तू किंवा व्यक्ती जवळ असेल तरच आपण सुरक्षित आहोत असे मनाने धरले, तर ती जवळ असताना बरे वाटते. पण ‘ती नसती तर माझे काय झाले असते’ ही भीती आतून तशीच राहते, कधी कधी वाढते. बुंदी तुमच्या बाबतीत आधार आहे की हळूहळू अटही झाली आहे, हे मी येथून सांगू शकत नाही. तुम्हाला वर्षानुवर्षे पाहिलेले तुमचे डॉक्टर सांगू शकतील. स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर, मुलाखतीच्या खोलीत, पहिल्या नोकरीत बुंदी येऊ शकणार नाही, आणि ती सहा वर्षांची आहे. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने, घाई न करता, तिच्याशिवायचे तास थोडे थोडे वाढवत न्या. आधी एक तास व्याख्यानाचा, मग ग्रंथालयातील दुपार, मग मंडळाची एक बैठक. गोळ्या कमी झाल्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून झाले असेल तर उत्तम, स्वतःच्या मनाने झाले असेल तर त्यांना या आठवड्यातच कळवा. रात्री-अपरात्री फार अस्वस्थ वाटले तर टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

पद झेपेल का, याचे उत्तर माझ्या मते ‘हो’ असे आहे, मात्र त्यासाठी माणसांचाही आधार घ्यावा लागेल. स्नेहसंमेलनाच्या दिवशी बुंदीला घरीच ठेवा. उपाध्यक्षांना आणि एका विश्वासू प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा, की मी खूण केली तर पुढची दहा मिनिटे मंच तुम्ही सांभाळा. रंगमंचामागे एक रिकामी खोली ठरवून ठेवा. तुम्ही उठून गेलात तर कार्यक्रम थांबणार नाही, याची खात्री असली की उठून जाण्याची वेळही कमी येते. बुंदी हे सगळे एकटी वाहत होती.

यानंतर अर्ज लिहा. तो एका पानात बसवा. आजाराचे नाव आणि इतिहास लिहायची गरज नाही. मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र जोडा आणि त्यातही ‘उपचारांचा भाग म्हणून मर्यादित काळ या पाळीव कुत्रीची सोबत उपयुक्त आहे’ एवढेच असू द्या. महापालिकेचा परवाना, लसीकरण आणि नसबंदीचे दाखले, पशुवैद्यांचे आरोग्यपत्र जोडा. मागणी नेमकी ठेवा : आठवड्यातून ठरावीक दोन दिवस, ठरावीक एक तास, तळमजल्यावरील एखादी खोली, बाजूचे प्रवेशद्वार, पूर्ण वेळ दोरी तुमच्या हाती, वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, कॅन्टीन आणि तो जिना यांपैकी कुठेही नाही. सुरुवातीला एका महिन्यासाठी परवानगी मागा आणि महिन्याच्या शेवटी त्या मुलीचे म्हणणे विचारात घेऊन फेरविचार व्हावा, असे तुम्हीच सुचवा. सोबत बुंदीशिवायच्या सोयीही मागा, कारण त्या नाकारणे कोणालाही कठीण जाईल : वर्गात दाराजवळची जागा, न विचारता बाहेर जाण्याची मुभा, परीक्षेला कमी गर्दीची खोली. खरे सांगायचे तर यातील काही सोयींचा तुम्हाला बुंदीच्या एका तासापेक्षा अधिक उपयोग होईल, असा माझा अंदाज आहे.

नकार आला तर तो लेखी मागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांप्रमाणे तुमच्या महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिने साधारणपणे 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे, आणि निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. त्या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तुम्हीच असाल, तर या प्रकरणापुरते बाजूला व्हा. तुमचा आजार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखाली येतो असे डॉक्टरांचे मत पडले, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे आणि तेथेही दाद मागता येते. मैत्रिणींना सांगा, की हे सगळे टप्पे होईपर्यंत प्रवेशद्वारावर कोणी बसायचे नाही, आणि गोळा केलेल्या सह्या प्राचार्यांकडे द्यायच्या नाहीत. सह्यांच्या संख्येवर तुमची गरज ठरत नाही, आणि त्या मुलीची भीतीही ठरत नाही.

अर्ज कार्यालयाच्या आवक खिडकीवर दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि लेटरहेडवरचे पत्र मागे घेतल्याच्या पत्राचीही वेगळी पोच घेऊन दोन्ही कागद मंडळाच्या फायलीत न ठेवता घरी, तुमच्या स्वतःच्या फायलीत ठेवा.